‘जशास तसे’मधले हरवलेले क्रियापद

प्रश्न एका ताईंचा आहे. त्यांच्या पाचवीतल्या मुलाच्या हाताला वर्गातल्या दुसऱ्या मुलाने कर्कटकाचे टोक टोचले. संध्याकाळी वडिलांनी निकाल दिला, “उद्या तूही टोच. जशास तसे.” आजींनी पुस्ती जोडली, “गीतेतच सांगितलंय ते.” ताई विचारतात : ही म्हण खरेच गीतेतली का, ती आली कुठून, आणि दहा वर्षांच्या पोराला ती शिकवावी का?

मी 31 वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले. निवृत्त झाल्यावर गावच्या तंटामुक्ती समितीत काही वर्षे बसलो. म्हणजे ही म्हण आधी फळ्यावर लिहिली आणि नंतर भांडणाऱ्यांच्या तोंडून ऐकली. खरे सांगायचे तर दुसऱ्या ठिकाणी ती मला जास्त कळली.

आधी आजींचे घेऊ. त्यांच्या मनात आहे तो गीतेच्या चौथ्या अध्यायातला अकरावा श्लोक, ‘ये यथा मां प्रपद्यन्ते तांस्तथैव भजाम्यहम्’. यथा आणि तथा आले की आपल्या कानाला जशास तसे ऐकू येते. पण श्लोकातले क्रियापद बघा. ‘प्रपद्यन्ते’ म्हणजे शरण येतात. जे मला ज्या भावाने शरण येतात, त्यांना मी त्याच भावाने भजतो, असे श्रीकृष्ण सांगतात. ज्ञानदेवांनीही तेच उचलले आहे, ‘जे जैसे माझां ठाईं । भजती तयां मीही । तैसाचि भजें’. भक्ताने किती जवळ यायचे ते त्याने ठरवावे, देव तितकाच जवळ येतो, असा हा सगळा मामला. इथे कुणी कुणाला काही टोचत नाही.

मग हा श्लोक बदल्याच्या बाजूने उभा कसा राहिला? त्याला आजी एकट्या जबाबदार नाहीत, त्यामागे लोकमान्य आहेत. डिसेंबर 1919 मध्ये अमृतसरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांच्या सुधारणांचे काय करायचे यावरून टिळक आणि गांधी यांच्यात मतभेद होते. त्यानंतर गांधींनी ‘यंग इंडिया’ या आपल्या साप्ताहिकात लिहिले की टिळकांच्या मते राजकारणात सारेच क्षम्य असते. टिळकांनी 18 जानेवारी 1920 ला उत्तर धाडले. त्याचा आशय असा, की राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा खेळ आहे, आणि बुद्धाच्या ‘अक्कोधेन जिने कोधं’ (रागाला अरागाने जिंकावे) या वचनापेक्षा मला श्रीकृष्णाचे ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’ अधिक जवळचे वाटते. गांधींनी पत्र छापले आणि खाली आपले म्हणणे जोडले. दोन्ही वचनांत मला विरोध दिसत नाही, म्हणाले, आणि ‘शठं प्रति शाठ्यम्’ (लबाडाशी लबाडी) या लोकप्रिय तुकड्याला त्यांनी एका शब्दाने उलटवले : ‘शठं प्रत्यपि सत्यम्’. लबाडाशीही सत्यानेच. त्याच वर्षी 1 ऑगस्टला टिळक गेले आणि वाद तिथेच थांबला. आपण मात्र तो अजून दर निवडणुकीला नव्याने सुरू करतो.

मी टिळकांच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगतो. अमृतसरला त्यांनी मांडलेली भूमिका होती ‘प्रतियोगी सहकारिता’. सरकार जेवढे सहकार्य करील तेवढेच आपणही करू. ही सुद्धा जशास तशीच आहे, पण ती सहकार्यापासून सुरू होते. ही बाजू आपण साफ विसरलो. ‘जशास तसे’ असे कुणी म्हटले की पुढे काठीच येणार, असे आपण धरून चालतो. शेजाऱ्याने आमरसाची वाटी पाठवली तर ती आपण रिकामी परत देत नाही, तेव्हा मात्र आपल्याला ही म्हण आठवत नाही.

आता मुळाकडे. संस्कृतात या विचाराचे सर्वात रोखठोक वचन महाभारतात आहे, आणि ते विदुराच्या तोंडी आहे. संजय पांडवांकडून परतला आहे, धृतराष्ट्राला झोप येत नाही, म्हणून त्याने रात्री विदुराला बोलावून घेतले आहे. विदुर म्हणतो, ‘यस्मिन्यथा वर्तते यो मनुष्यस्तस्मिंस्तथा वर्तितव्यं स धर्मः’. जो जसा वागतो त्याच्याशी तसे वागावे, हाच धर्म. पुढे तो खुलासा करतो की कपटाने वागणाऱ्याशी कपटाने, आणि ‘साध्वाचारः साधुना प्रत्युपेयः’, चांगल्याशी चांगुलपणाने. आणि हाच विदुर, त्याच रात्री, त्याच धृतराष्ट्राला, दोन अध्याय पुढे गेल्यावर सांगतो : ‘अक्रोधेन जयेत्क्रोधमसाधुं साधुना जयेत्’. रागाला अरागाने जिंकावे, वाइटाला चांगुलपणाने. धम्मपद या बौद्ध ग्रंथातली 223 वी गाथा जवळजवळ शब्दाला शब्द हीच आहे. म्हणजे टिळकांनी ज्याला बुद्धाचे वचन म्हणून बाजूला ठेवले, ते महाभारतातही जसेच्या तसे बसलेले आहे. टिळकांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ‘गीतारहस्या’त सिद्धावस्था आणि व्यवहार यांवरचे जे प्रकरण आहे, त्यात त्यांनी याच गुंत्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत.

वर्गात मुले विचारायची, सर, मग विदुराचे खरे मत कोणते? मी म्हणायचो, त्याच्यासमोर कोण बसले आहे ते बघा. अर्धे राज्य गिळून बसलेला एक आंधळा बाप. त्याला दोन्ही सांगणे भाग होते : तुझी पोरे जशी वागली तसेच त्यांच्या वाट्याला येणार आहे, आणि ते टाळायचे असेल तर तुझ्यापाशी दुसरा रस्ताही आहे.

आणि आता यातली सर्वात गमतीची गोष्ट. टिळक–गांधी वादामुळे आपल्या डोक्यात पक्के बसले की क्षमा बुद्धाची आणि जशास तसे कृष्णाचे. पण ‘शठाला शाठ्य’ हे शब्द एकत्र येतात ते चक्क जातककथेत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींत! कूटवाणिज जातकात खेड्यातला एक व्यापारी शहरातल्या व्यापाऱ्याकडे 500 फाळ ठेवायला देतो. फाळ म्हणजे नांगराचे लोखंडी पाते. शहरी मित्र ते विकून टाकतो आणि त्या जागी उंदराच्या लेंड्या पसरून ठेवतो. खेडवळ परत येतो तर उत्तर तयार : “तुझे फाळ उंदरांनी खाल्ले.” हा भांडत नाही. “खाल्ले तर खाल्ले, उंदरांपुढे कुणाचे काय चालते,” म्हणतो. मग आंघोळीला जाताना मित्राच्या मुलाला सोबत नेतो, त्याला दुसऱ्या एका मित्राच्या घरी लपवतो आणि परत येऊन सांगतो, “मुलाला घारीने उचलून नेले.” प्रकरण न्यायाधीशापुढे जाते. न्यायाधीश म्हणजे बोधिसत्त्व, पूर्वजन्मीचे बुद्धच. सगळे ऐकून ते म्हणतात, ‘सठस्स साठेय्यमिदं सुचिन्तितं’. लबाडाशी केलेली ही लबाडी चांगली विचारपूर्वक योजलेली आहे. उंदीर फाळ खात असतील तर घारी मुलगा का नेणार नाहीत? आणि निकाल काय? त्याचे फाळ दे, तो तुझा मुलगा देईल.

पंचतंत्रात हीच गोष्ट लोखंडाच्या तराजूची होते आणि घारीच्या जागी ससाणा येतो. बाकी सांगाडा तोच.

या गोष्टीत ‘जशास तसे’चे सगळे नियम आहेत, पण ते कुणी सांगत नाही. खेडवळाने मित्राच्या घरातले काही चोरले नाही, मुलाला दुखापत केली नाही. त्याने फक्त मित्राचे खोटे आरशासारखे परत दाखवले. आणि मुख्य म्हणजे त्याने जे केले ते परत फिरवता येत होते. फाळ आले की मुलगा घरी. ज्या बदल्यात परतीची वाट ठेवलेली नाही, त्याला या गोष्टीचा आधार नाही. (तरी मला ही कथा पुरती पचलेली नाही, हेही सांगून टाकतो. त्या पोराने काय केले होते? बापाच्या फाळांपायी ते बिचारे परक्या घरात कोंडून बसले. बदल्यात नेहमी कुणीतरी असे पोर सापडतेच.)

आता मराठीकडे येऊ. ‘यादृश–तादृश’वरून प्राकृतात ‘जइस–तइस’, मग ‘जैसा–तैसा’, मग आपले ‘जसा–तसा’. जशास तसे. या म्हणीत क्रियापदच नाही. मी परीक्षेत कधी कधी ‘पुढील म्हण पूर्ण वाक्यात लिहा’ असा प्रश्न घालायचो. शंभरातली नव्वद मुले लिहायची, ‘जशास तसे वागावे’. कुणी ‘जशास तसे उत्तर द्यावे’. म्हणजे आपण मोकळ्या जागेत आज्ञा भरतो. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात, राजकारणनिरूपणाच्या समासात ते वाक्य पूर्ण केले आहे आणि त्यांचे क्रियापद वेगळे आहे :

हुंब्यासी हुंबा लाऊन द्यावा ।
टोणप्यास टोणपा आणावा ।
लौंदास पुढें उभा करावा ।
दुसरा लौंद ॥
धटासी आणावा धट ।
उद्धटासी पाहिजे उद्धट ।
खटनटासी खटनट ।
अगत्य करी ॥
जैशास तैसा जेव्हां भेटे ।
तेव्हां मज्यालसी थाटे ।
इतुकें होतें परी धनी कोठें ।
दृष्टीस न पडे ॥

फ्लेक्सवर यातला ‘उद्धटासी पाहिजे उद्धट’ एवढाच तुकडा छापतात, वर मिशीला पीळ दिलेला फोटो. पण नीट वाचा. तू उद्धट हो, असे समर्थ कुठेही म्हणत नाहीत. लावून द्यावा, आणावा, पुढे उभा करावा. हुंबे, टोणपे, लौंद ही सगळी दांडगट मंडळी एकमेकांना ‘भेटतात’, आणि ज्याने हे घडवून आणले तो धनी कुठे दिसतही नाही. ही कारभाऱ्याला दिलेली शिकवण आहे : दांडग्याशी झोंबायला स्वतः आखाड्यात उतरशील तर तूही दांडगाच ठरशील. हे फार सात्त्विक आहे असे मी म्हणणार नाही, त्यात पुरेसा धूर्तपणा आहे. पण रस्त्यावर बाह्या सरसावणाऱ्याने या ओवीचा आधार घेऊ नये.

तुकोबांचेही असेच होते. ‘नाठाळाचे माथी हाणू काठी’ सगळ्यांना येते, गाथेत मात्र ‘नाठाळाचि काठी देऊं माथां’ असे आहे. त्याआधीचा अर्धा चरण, ‘भले तरी देऊं कासेची लंगोटी’, पाठ्यपुस्तकासाठी थोडा सोवळा करून घेतलेला आहे. मूळचा शब्द ज्यांना ठाऊक आहे ते गालात हसतात. पण मला तो अभंग जशास तशाचा वाटतच नाही. मेणाहून मऊ, वज्राहून कठीण, मायबापाहून मायाळू, शत्रूहून घातकी. तिथे बरोबरी कुठे आहे? तुकोबा दोन्हीकडे मापाबाहेर जातात. ते संतांना शोभते. तुमच्या-आमच्यासाठी माप महत्त्वाचे.

आणि माप नेमके कसे सुटते, ते मी बांधावर पाहिले.

समितीपुढे दोन चुलतभाऊ आले होते. शेते शेजारी, मध्ये बांध. आमच्याकडे बांध कोरण्यावरून जेवढी डोकी फुटली असतील तेवढी इतर कशावरूनही नसतील. धाकटा म्हणाला, “ह्यानं वीतभर कोरला.” थोरला म्हणाला, “आन् त्यानं? हातभर!” मी धाकट्याला विचारले, “अरे, त्याने वीतभर कोरला तर तू हातभर का?” तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला की मास्तरांना काहीच कळत नाही. “जशास तसं नको व्हय, गुर्जी?” मी म्हटले, वीतभराला वीतभर हे जशास तसे. वीतभराला हातभर हे शेरास सव्वाशेर. ती निराळी म्हण आहे. समितीत हशा पिकला, तो नाही हसला.

पुढच्या हंगामात थोरल्याने आणखी घेतला. तिसऱ्या वर्षी बांध उरलाच नाही, नुसती एक चिंचोळी वरळ. बांधावरची बाभळ दोघांनी मिळून, म्हणजे एकमेकांच्या नावाने शिव्या देत, तोडली. पावसाळ्यात वरच्या रानातले पाणी थेट खालच्यात घुसले, माती वाहून गेली. मग मोजणी आणली. खुणा ठोकल्या, तेव्हा दोघेही आपापल्या हद्दीबाहेर होते, कुठे हा आत, कुठे तो. आणि सुरुवात कुणी केली म्हणता? दोघांकडे नांगरटीला एकच ट्रॅक्टरवाला यायचा. कडेला वळताना नांगराचे टोक बांधाला लागायचे, दरवर्षी थोडी माती सुटायची. पहिली वीत त्याची होती. त्याला तर कल्पनाही नव्हती.

हे ऐकल्यावर मला अमेरिकेतल्या रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाची आठवण झाली. 1980 च्या सुमारास त्याने संगणकांची एक स्पर्धा घेतली. प्रत्येक तज्ज्ञाने एक डावपेच लिहून द्यायचा, मग त्या डावपेचांनी एकमेकांशी शेकडो वेळा खेळायचे, दर वेळी सहकार्य करायचे की दगा द्यायचा एवढेच ठरवायचे. पहिल्या खेपेला 14 डावपेच आले, दुसऱ्या खेपेला 62. दोन्ही वेळा जिंकला तो सर्वात छोटा, अनातोल रापोपोर्टने पाठवलेला. त्याचे नाव ‘टिट फॉर टॅट’, म्हणजे आपलेच जशास तसे. पण त्याचा नियम ऐका. पहिली खेळी सहकार्याची. समोरच्याने दगा दिला तर पुढच्या खेळीला एकदाच दगा. तो सुधारला की लगेच आपणही सुधारायचे, जुने उकरायचे नाही. विदुराच्या श्लोकातला ‘साध्वाचारः’चा अर्धा भाग या यंत्राने पाळला, आपण पाळत नाही.

त्या डावपेचाची एक खोडही नंतर लक्षात आली. कधी चुकून, गैरसमजाने, सहकार्य दग्यासारखे दिसले, तर दोन जशास तसे एकमेकांना आलटून पालटून मारत बसतात. मूळ चूक कुणाचीच नसते. बांधावरच्या त्या दोन चुलतभावांचा ट्रॅक्टर तो हाच. म्हणून पुढच्या अभ्यासकांनी त्यात अधूनमधून एखादा दगा सोडून देण्याची सोय घातली. मग तो जास्त टिकला.

युधिष्ठिराने हे यंत्राशिवाय ओळखले होते. उद्योगपर्वात तो कृष्णाला म्हणतो की वैराने वैर शमत नाही, तुपाने आग वाढावी तसे वाढते. आणि त्याच बोलण्यात तो युद्धाची तुलना कुत्र्यांच्या भांडणाशी करतो. आधी शेपूट हलवणे, मग भुंकणे, मग गोल फिरणे, दात दाखवणे, मग झोंबाझोंबी. माणसांतही तसेच, काही फरक नाही, म्हणतो. गावातली कोणतीही हाणामारी आठवून बघा, क्रम चुकत नाही. हे सारे कळूनही युधिष्ठिर युद्धाला उभा राहिला, हेही खरे. आणि त्याच युद्धात रथाचे चाक रुतल्यावर कर्णाने धर्माची आठवण काढली, तेव्हा त्याला मिळालेले उत्तर मोरोपंतांनी आपल्यासाठी कायमचे करून ठेवले : ‘तेव्हां गेला होता कोठें राधासुता तुझा धर्म’. समितीत हे वाक्य मी किमान 20 वेळा ऐकले असेल. दोन्ही पक्षांकडून.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण बापमाणसे तिथेच चुकतात. अंगावर आलेल्याला अडवण्याचा हक्क कायदा देतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या 96 ते 106 कलमांत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 34 पासूनच्या कलमांत आहे. पण बचावाला जेवढे लागेल तेवढेच, आणि तेव्हाच. काल मारले म्हणून आज मारणे हा बचाव नाही. ‘त्यानं आधी मारलं’ हे पोलिसपाटलाला सांगून उपयोग नसतो, दोघांचीही नावे लिहिली जातात.

तर ताई, मुलाला काय सांगायचे? म्हण लपवू नका. शाळेत, व्हॉट्सॲपवर, मामाच्या तोंडून ती येणारच. समोरचा मुलगा टोक रोवत असेल तर त्याचा हात धरायचा, ओरडायचे, बाईंना सांगायचे, हे आपल्या मुलाला आधी शिकवा. यात भित्रेपण काही नाही. नंतर विचारा की नेमके काय झाले. कर्कटकाची टोके बाकावर कितीदा आपोआपही लागतात, मी 31 वर्षे बाकांमधून फिरलो आहे. तुमच्या यजमानांना माझ्यातर्फे बांधाची गोष्ट सांगा. आणि मुलाला असेही सांगा की परवा त्याच मुलाने डबा पुढे केला तर एक घास घ्यायचा आणि आपला डबा त्याच्यापुढे सरकवायचा, कारण तेही जशास तसेच.

आजींना मात्र दुरुस्त करायला जाऊ नका. संध्याकाळी दिवा लावल्यावर चौथ्या अध्यायातला अकरावा श्लोक त्यांनाच म्हणायला सांगा आणि ‘प्रपद्यन्ते’चा अर्थ मुलाला त्यांनीच समजावू द्या.